दुसरं दार कुठे आहे?

२९ ऑक्टोबर २०१६. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावर फटाक्यांचा बाजार भरला होता. एका दुकानात आग लागली आणि बघता बघता शंभराहून अधिक दुकानं पेटली. रॉकेटं आडवीतिडवी सुटत होती, कडेला लावलेल्या गाड्या जळत होत्या, काळ्या धुराचा लोट लांबून दिसत होता. एवढ्या मोठ्या आगीत एकही जीव गेला नाही. भर दिवस होता, मैदान मोकळं होतं, लोकांना पळायला जागा मिळाली.

त्याच औरंगपुऱ्यात शहरातलं जुनं बलवंत मोफत वाचनालय आहे. सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचा परिसर आहे, वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा आहेत आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी भरलेल्या अभ्यासिका आहेत. फटाक्यांचा बाजार वर्षातले थोडेच दिवस भरतो. त्यासाठी परवानगी, दुकानांमधलं अंतर, पाण्याचा टँकर यांची निदान चर्चा तरी होते. वाचायच्या खोलीत मात्र माणसं बारा महिने बसतात. कागद, लाकडी कपाटं, जुनं वायरिंग आणि मान खाली घालून बसलेली पन्नास-साठ माणसं एकाच छताखाली असतात, आणि तिथल्या सुरक्षिततेचा विषय कुणाच्या कामाच्या यादीत नसतो.

छत्रपती संभाजीनगरने त्यानंतरही आगीत माणसं गमावली. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीतल्या हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगारांचा मृत्यू झाला. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीतल्या दाणाबाजारात खाली शिलाईचं दुकान आणि वर राहती घरं असलेल्या इमारतीत आग लागली. वरच्या मजल्यावरच्या सात जणांचा जीव गुदमरून गेला. या दोन्ही घटना वाचनालयातल्या नाहीत, हे खरं. पण खाली दुकान, वर माणसं आणि जाण्यायेण्याला एक अरुंद जिना ही मांडणी मराठवाड्यातल्या कितीतरी वाचनालयांची आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या पेठेतल्या अभ्यासिकेची आहे. अशा ठिकाणी खाली पेटलं की जिनाच धुराचं धुराडं बनतो. ज्वाळा वर पोचण्याआधी धूर पोचतो आणि माणूस धुरानेच आधी पडतो.

वाचनालयाला एकच दार का असतं, याला एक जुनं आणि प्रामाणिक कारण आहे. पुस्तक नोंद न होता बाहेर जाऊ नये. दाराशी टेबल, टेबलाशी ग्रंथपाल किंवा शिपाई, पिशव्या बाहेरच्या खणात, आणि मागचं दार कायमचं बंद. खिडक्यांना लोखंडी गज, त्यावर जाळी. रात्री शटर. देणग्या गोळा करून उभ्या केलेल्या संस्थेला एकेक पुस्तक महाग असतं, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालली. चोर आत येऊ नये आणि पुस्तक बाहेर जाऊ नये, यासाठी आपण वाचनालयं बांधली. आतला माणूस घाईने बाहेर पडू शकेल का, हा प्रश्न त्यात कुणी विचारलाच नाही.

मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावण्याऐवजी आतून सहज सरकणारी कडी लावता येते. दार उघडलं की घंटा वाजेल अशी साधी सोय विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. पुस्तकही सुरक्षित राहतं आणि माणूसही. निदान एका खिडकीचे गज आतून उघडणारे करणं हे गावातला कोणताही फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो.

दिल्लीत २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी जे घडलं, त्याने या विषयाकडे देशाचं लक्ष काही आठवडे तरी वेधलं. जुन्या राजेंद्रनगरात एका आयएएस शिकवणी संस्थेने इमारतीच्या तळघरात ग्रंथालय थाटलं होतं. तळघराला परवानगी होती ती सामान ठेवण्याची आणि वाहनं लावण्याची. पाऊस झाला, रस्त्यावरचं पाणी तळघरात घुसलं आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. वाचनाच्या जागेत बसून, अभ्यास करत असताना. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात शिकवणी केंद्रांच्या सुरक्षेची स्वतःहून दखल घेतली आणि या केंद्रांना मृत्यूची कोठारं म्हणण्यापर्यंत न्यायमूर्तींचा संताप गेला. त्याआधी २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला संकुलात वरच्या मजल्यावरच्या वर्गात अडकलेले २२ जण गेले होते. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते आणि काहींनी खिडकीतून उड्या मारल्या होत्या. १५ जून २०२३ ला दिल्लीच्या मुखर्जीनगरात मुलं दोरखंडांना आणि तारांना धरून खिडक्यांतून उतरताना साऱ्या देशाने पाहिली.

छत्रपती संभाजीनगर हे मराठवाड्याचं शिक्षणाचं शहर. बीड, जालना, परभणी, हिंगोलीच्या खेड्यांतून मुलं-मुली एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीच्या तयारीसाठी इथे येतात. भाड्याची खोली लहान आणि गजबजलेली, म्हणून महिन्याचं शुल्क भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतात. सकाळी सहाला येऊन रात्री अकराला जाणारी मुलं इथे नवलाची नाहीत. मधे पातळ फळ्यांच्या भिंती उभ्या करून एका हॉलमध्ये शक्य तितक्या खुर्च्या बसवलेल्या असतात. प्रत्येक खुर्चीशी मोबाइलचा चार्जर, उन्हाळ्यात कूलर किंवा एसी, जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. मूळ वायरिंग मात्र दोन पंखे आणि चार ट्यूबलाइटसाठी घातलेलं. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा हा सगळा भार एकाच वेळी त्या तारांवर येतो. बहुतेक आगींचं मूळ इथे असतं: सैल जोड, एकाच बोर्डावर लटकलेले तीन-चार एक्स्टेन्शन, गरम होऊन ठिसूळ झालेलं तारेचं आवरण. या मुलांच्या आईबापांनी शेती गहाण ठेवलेली असते, कुणी ऊसतोडीची उचल घेतलेली असते. खुर्चीचं भाडं घेणाऱ्याने त्या खुर्चीपासून जिन्यापर्यंतची वाट मोकळी ठेवणं ही मेहेरबानी नाही, ते त्याचं कर्तव्य आहे.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ साली झाला. ज्या इमारतींना तो लागू होतो त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षेची साधनं बसवायची, परवानाधारक संस्थेकडून ती तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यायचं. जबाबदारी मालकाची आहे, अग्निशमन दलाने येऊन विचारण्याची वाट पाहायची नाही. सभासदाला हे माहीत असेल तर तो काउंटरवर नम्रपणे विचारू शकतो की जुलैचं प्रमाणपत्र दिलं का.

सार्वजनिक वाचनालयांची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त काळजीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला आणि त्याने गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदानाची चौकट दिली. आज राज्यात अशी सुमारे ११ हजार वाचनालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग. वर्ग ठरतो तो मुख्यतः किती पुस्तकं आहेत, किती दैनिकं आणि नियतकालिकं येतात, सभासद किती, वाचनालय किती वेळ उघडं असतं यांवर. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तोवर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. वाढीनंतर ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रांची बिलं, वीज आणि कुठे कुठे जागेचं भाडं. वैजापूर, कन्नड, गंगापूरच्या भागातल्या एखाद्या छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला वायरिंग बदला म्हटलं तर ती गप्प बसते, कारण पैसे खरोखर नसतात. तपासणीला आलेला अधिकारी दाखल नोंदवही बघतो, देवघेव नोंदवही बघतो, हजेरीपट बघतो. विजेचा मुख्य स्विच कुठे आहे हेही त्याने विचारावं आणि त्याची नोंद तपासणीच्या अहवालात यावी, अशी मागणी ग्रंथालय संघांनी लावून धरायला हवी. जे मोजलं जातं त्यासाठीच संस्था पैसा काढून ठेवते, हा सगळ्या अनुदानित संस्थांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रातल्या वाचनालयांनी पाण्यातही बरंच गमावलं आहे. सांगलीचं नगर वाचनालय हे दीडशे वर्षांची परंपरा सांगणारं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पाणी पेठांमध्ये शिरलं आणि वाचनालयातली हजारो पुस्तकं लगद्यात गेली. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २६ जुलै २००५ च्या पुरात त्याचं अतोनात नुकसान झालं. चिपळूणकरांनी ते पुन्हा उभं केलं, इतकं की जानेवारी २०१३ मध्ये ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संस्थेने भरवलं. त्या संमेलनाचे अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले हे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. आठ वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठी पुन्हा बाजारपेठेत शिरली आणि वाचन मंदिराची पुस्तकं दुसऱ्यांदा पाण्यात गेली.

मराठवाडा दुष्काळाचा, इथे कसला पूर, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने पैठण शहरात हाहाकार उडवला होता. छत्रपती संभाजीनगरातून खाम आणि सुखना या नद्या जातात आणि त्यांच्या काठाला दाट वस्ती आहे. शिवाय पुस्तकं भिजायला नदीच यावी लागते असं नाही. गच्चीवरची टाकी वाहिली, पावसाळ्याआधी पन्हळ साफ केली नाही, शेजारच्या स्वच्छतागृहाची पाइपलाइन गळली, तरी एका रात्रीत एक कपाट जातं. आणि पुस्तकाचं कपाट अनेकदा भिंतीला अगदी चिकटून, थेट फरशीवर टेकवलेलं असतं. सगळ्यात खालची फळी फरशीपासून वीतभर वर घेतली आणि कपाट भिंतीपासून चार बोटं दूर सरकवलं, तर छोट्या गळतीत पुस्तकं वाचतात आणि वाळवीही लवकर नजरेस पडते.

भिजलेल्या पुस्तकाचं काय करायचं, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असतं. पूर ओसरला की लोक पुस्तकं कडक उन्हात पसरतात. त्याने कागद वाकडा होतो, बांधणी सुटते. दमट हवेत ४८ तासांच्या आसपास बुरशी धरू लागते, तेव्हा हातात वेळ फार थोडा असतो. कमी भिजलेलं पुस्तक उभं ठेवून पानं पंख्यासारखी मोकळी करायची, मधे मधे कोरा टिपकागद घालायचा, तो वरचेवर बदलायचा आणि सावलीत पंख्याखाली वाळवायचं. गच्च भिजलेलं पुस्तक उघडण्याचा प्रयत्न करायचा नाही. चकचकीत आर्ट पेपरची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. अशी आणि दुर्मीळ पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ गोठवायची. गोठवलं की बुरशी थांबते आणि सवडीने एकेक पुस्तक बाहेर काढून वाळवता येतं. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला २९ एप्रिल १९८६ रोजी आग लागली तेव्हा सुमारे चार लाख पुस्तकं जळाली, पण पाण्याने आणि धुराने खराब झालेली आणखी सुमारे सात लाख होती. त्यांतली पाण्याने भिजलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी खोक्यांत भरून अन्नाच्या शीतगृहांत नेली. द्राक्षं, भाजीपाला, मासे साठवणारी शीतगृहं आपल्या राज्यातही आहेत. त्यांच्यापैकी एकाशी जिल्हा ग्रंथालय संघाने आधीच बोलून ठेवायला काय हरकत आहे? पाणी चढल्यावर फोन नंबर शोधत बसायला सवड नसते.

जर्मनीतल्या वायमारच्या ॲना अमालिया ग्रंथालयाची आठवण इथे सांगावीशी वाटते. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री ते पेटलं. सुमारे ५० हजार ग्रंथ नष्ट झाले, ६२ हजारांना झळ लागली. कारण म्हणून जुन्या वायरिंगकडे बोट दाखवलं गेलं. ग्रंथ नव्या सुरक्षित भांडारात हलवण्याचं ठरलेलं होतं आणि ते काम काही आठवड्यांवर आलं होतं. त्या रात्री कर्मचारी आणि गावकरी यांनी माणसांची साखळी करून हजारो पुस्तकं हातोहात बाहेर काढली. कोणती कपाटं आधी रिकामी करायची हे आतल्या माणसांना माहीत होतं, म्हणून ते साधलं. आपल्या वाचनालयात शंभर पुस्तकं वाचवायची वेळ आली तर कोणती शंभर, याची यादी ग्रंथपालाकडे असते का? निजामाच्या राजवटीतली मराठी छापील पुस्तकं, स्थानिक नियतकालिकांचे जुने अंक, हैदराबाद मुक्तिसंग्रामातली पत्रकं, दानात आलेल्या पोथ्या. बाजारात पुन्हा मिळणारी कादंबरी जळाली तर ती विकत आणता येईल. गावाच्या इतिहासाचा एकमेव अंक गेला तर तो गेलाच.

पुस्तकांचं वजन हा धोका सहसा कुणाच्या मनात येत नाही. भारतीय मानक ८७५ नुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी हाच आकडा ६०० किलो आहे, आणि कपाटं २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहून जास्त. म्हणजे एखाद्या दानशूर गृहस्थाने आपल्या वाड्याची माडी वाचनालयाला दिली आणि तिथे वीस वर्षांत पंधरा हजार पुस्तकं साठली, तर जमिनीवर तिच्या ताकदीच्या कितीतरी पट ओझं आलेलं असू शकतं. लाकडी तुळईला वाळवी लागलेली असेल तर विचारायलाच नको. जड कपाटं खोलीच्या मधोमध ठेवण्याऐवजी भार पेलणाऱ्या भिंतींच्या कडेला ठेवणं, जास्तीचे बांधीव अंक तळमजल्यावर हलवणं आणि वर्षातून एकदा स्थापत्य अभियंत्याला बोलावून छत-जमीन दाखवणं, एवढं तरी व्हावं. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून पाच वाचनालयांची पाहणी देता येईल.

उभी कपाटं भिंतीत स्क्रूने पक्की न करणं ही तर सार्वत्रिक चूक आहे. एक मीटर लांबीच्या फळीवर पंचवीस-तीस किलो पुस्तकं सहज बसतात. सहा फळ्यांचं कपाट कोसळलं तर खालचं मूल वाचणं कठीण. मराठवाड्याची जमीन भूकंपापासून सुरक्षित, हा भरवसा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने मोडून काढला. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. घरं पडली नाहीत, पण अशा धक्क्यात डगमगणारं कपाट पडू शकतं. छत्रपती संभाजीनगरात २०२१ पासून रीड अँड लीड फाउंडेशनने मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची वाचनालयं सुरू केली, घराच्या एका खोलीत, लहान कपाटांत. मुलांच्या हाताला पोचतील इतकीच उंची ठेवलेली कपाटं मुलांसाठी सोयीचीही असतात आणि सुरक्षितही, हे मोठ्या वाचनालयांच्या बालविभागांनी उचलण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त वेळा घडणारी अनपेक्षित गोष्ट मात्र साधी असते. वाचक चक्कर येऊन पडतो. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने असतात. कुणाला मधुमेह, कुणाला हृदयविकार. दिवसभर चहा-बिस्किटांवर अभ्यास करणारी मुलंही पडतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, पोलीस-अग्निशमनसाठी ११२ आहे, आणि अग्निशमन दलाचा जुना १०१ सगळ्यांना पाठ आहे. हे आकडे आणि त्याखाली वाचनालयाचा स्वतःचा पूर्ण पत्ता, जवळची खूण धरून, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेला असावा. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देण्याचं शिक्षण दोन तासांत मिळतं आणि अनेक रुग्णालयं ते मोफत देतात. ग्रंथपाल आणि शिपाई या दोघांनी ते घ्यायलाच हवं.

मुलींच्या सुरक्षिततेबद्दल कुजबुज खूप असते, लेखी तक्रार क्वचित. टक लावून पाहणं, मागे मागे येणं, पुस्तकात चिठ्ठी ठेवणं, आडव्या रांगेत वाट अडवणं. तक्रार केली तर घरचे वाचनालयात जाणंच बंद करतील, ही भीती खरी आहे आणि अनेकींचं शिक्षण तिथेच अडतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. शहर पोलिसांचं दामिनी पथक याच कामासाठी फिरतं. दोन्ही ठिकाणांची माहिती मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे लावली तर ती कुणाच्या नजरेत न येता वाचता येते. दोन कपाटांमधल्या अंधाऱ्या गल्लीत एक दिवा आणि रात्री अभ्यासिका सुटताना दाराशी एक जबाबदार माणूस, यांचा खर्च फार नाही.

जमावाच्या हल्ल्याचीही नोंद महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत शंभराहून अधिक जणांचा जमाव घुसला. ग्रंथ, हस्तलिखितं, कपाटं, संगणक यांची नासधूस झाली. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाबद्दलचा राग, ज्या संस्थेने ते लिहिलेलं नव्हतं तिच्या शतकभर जपलेल्या संग्रहावर निघाला. दुसऱ्या दिवसापासून पुणेकर फाटलेली पानं गोळा करायला रांगेने आले, हेही तितकंच नोंदवण्यासारखं आहे. त्या संस्थेकडची ऋग्वेदाची हस्तलिखितं २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत आली. गावातल्या वाचनालयाला अशा प्रसंगी पोलीस बंदोबस्त मिळायला वेळ लागणार. दुर्मीळ ग्रंथांची छायाचित्रित प्रत दुसऱ्या ठिकाणी असणं हाच तिथे खरा बचाव.

संग्रह एकदा हातचा गेला की परत येत नाही, याचा पुरावा खामच्या काठी उभा आहे. पाणचक्कीच्या दर्ग्याला जोडून एके काळी मोठं ग्रंथालय होतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या परंपरेतल्या विद्यार्थ्यांसाठी जमवलेलं. त्यातले बहुतेक ग्रंथ पुढे हैदराबादला नेले गेले आणि मागे थोडेच उरले. १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तरुणपणी असाच घाव सोसला होता. १९१७ मध्ये लंडनहून परत येताना त्यांचं सामान वेगळ्या बोटीने पाठवलेलं होतं, त्यात पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं होती. महायुद्धात पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बोट बुडाली. विमा होता म्हणून सहाशे रुपये भरपाई मिळाली. पुस्तकं मिळाली नाहीत.

तरीही विमा काढावाच. आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट फार मोलाची आहे. आग किंवा पुरानंतर विमा कंपनी काय काय गेलं याचा पुरावा मागते. तो पुरावा म्हणजे दाखल नोंदवही, आणि ती बहुतेक ठिकाणी त्याच खोलीत, त्याच कपाटात असते. पुस्तकांबरोबर तीही जाते. मोबाइलने तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तो कार्यकारिणीतल्या तिघांच्या फोनवर आणि एका ई-मेलवर ठेवणं हे एका रविवारचं काम आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही संगणक प्रणाली वापरणाऱ्या वाचनालयांची नोंद तर आपोआप दुसरीकडेही राहते.

कीटकनाशकांचा प्रश्न छोटा नाही. कसर आणि वाळवी यांच्या भीतीने बंद कपाटांत मूठ मूठ डांबरगोळ्या टाकतात. त्यांच्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनला कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं आहे. ग्रंथपाल वर्षानुवर्षं त्याच हवेत बसतो. आपल्याकडच्या पोथ्या वेखंडाच्या पुरचुंडीसह कापडी रुमालात बांधून शतकं टिकल्या. स्वच्छता, उजेड, खेळती हवा आणि महिन्यातून एकदा प्रत्येक फळी रिकामी करून पुसणं याने कसर बरीचशी आटोक्यात राहते.

पैसा थोडा असेल तर क्रम चुकवू नये. पहिला खर्च वायरिंगवर, गळतीवर तुटणारा ब्रेकर आणि स्वतंत्र मुख्य स्विच यांसह. मग मागचं दार. मग अग्निशामक सिलिंडर. विजेच्या आणि संगणकाच्या जागी कार्बन डायऑक्साइडचा, कारण कोरड्या पावडरीने पुस्तकं आणि यंत्रं दोन्ही माखतात. ज्या सिलिंडरला काटा असतो त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे कुणीही वाचक येताजाता पाहू शकतो. सीसीटीव्ही बहुतेक संस्था सगळ्यात आधी घेतात. घडून गेलेलं दाखवायला कॅमेरा उपयोगी पडतो, पण त्यावर खर्च होणारे पैसे आधी तारांवर खर्च व्हायला हवेत.

सार्वजनिक वाचनालय ही नोंदणीकृत संस्था असते, तिची वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि तिथे सभासदाला बोलायचा हक्क असतो. या सभांना अनेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात. वाचकांनी यंदा त्या सभेला जावं. त्याआधी कार्यकारिणीला एक पानाचा अर्ज द्यावा आणि त्यात तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: वायरिंग शेवटचं केव्हा तपासलं, बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, आणि दाखल नोंदवहीची प्रत इमारतीबाहेर कुठे ठेवली आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्रंथपालाला दोष देऊन थांबू नका. वर्गणी काढा, इलेक्ट्रिशियन घेऊन या, काम पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करा.